आदेश, दाखला, पॅन

मूल घरी आलं की मग आयकराचे कागद बघू, असं दत्तक घेऊ पाहणाऱ्या बहुतेक जोडप्यांना वाटतं. प्रत्यक्षात ते कागद पहिल्याच दिवशी लागतात. केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरण, म्हणजे सगळे ज्याला ‘कारा’ म्हणतात, त्याच्या संकेतस्थळावर इच्छुक पालक म्हणून नाव नोंदवताना फोटो, जन्मतारखेचा पुरावा, लग्नाचा दाखला आणि वैद्यकीय प्रमाणपत्र यांच्यासोबत पॅन कार्ड आणि उत्पन्नाचा पुरावा जोडावा लागतो. पगाराची स्लिप, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला किंवा भरलेलं विवरणपत्र, यांपैकी काहीतरी हवंच.

पिंपरी-चिंचवडमधल्या तळवड्यात ही अट दोन घरांना दोन वेगळ्या तऱ्हेने लागते. गावाच्या एका अंगाला आयटी पार्क आहे. तिथे नोकरी करणाऱ्याकडे फॉर्म सोळा असतो, पगार बँकेत जमा होतो, विवरणपत्र दरवर्षी भरलेलं असतं. दुसऱ्या अंगाला, रुपीनगर-ज्योतिबानगरकडे आणि देहू-आळंदी रस्त्याच्या कडेने, लेथ, प्रेस आणि फॅब्रिकेशनची छोटी शेड आहेत. तिथला मालक कदाचित त्या अभियंत्याहून जास्त कमावतो, पण कर वाचावा म्हणून वर्षानुवर्षं पुस्तकात कमी दाखवतो. संस्थेची समाजसेविका गृहभेटीला येते तेव्हा या मुलाचं शिक्षण आणि औषधपाणी तुम्हाला झेपेल का, हे तिला लिहून द्यायचं असतं. ती तुमच्या बोलण्यावर नाही, कागदावर लिहिते. दत्तकाचा विचार मनात असेल त्या छोट्या उद्योजकाला माझा पहिला सल्ला हाच, की अर्ज करण्याच्या आधीच्या वर्षापासून विवरणपत्र खऱ्या उत्पन्नाचं भरा. त्या वर्षी कर जास्त जाईल. जाऊ द्या. आणि ठेकेदाराकडे रोजावर काम करणाऱ्याने, आपल्याकडे विवरणपत्र नाही म्हणून मागे सरू नये. तहसीलदारांचा दाखला त्याच्यासाठीच आहे.

मूल म्हणजे कोण?

आयकर कायदा १९६१ मध्ये ‘मूल’ या शब्दाची छोटीशी व्याख्या आहे, कलम २ च्या पोटकलम १५ बी मध्ये. मूल म्हणजे सावत्र मूलही आणि दत्तक मूलही. १ एप्रिल २०२६ पासून त्या कायद्याच्या जागी आयकर कायदा २०२५ आला, कलमांचे आकडे बदलले, सगळ्यांच्या तोंडी बसलेलं ८० सी आता १२३ झालं. मुलाची व्याख्या मात्र तशीच राहिली. त्यामुळे कायद्यात जिथे जिथे ‘मूल’ आहे, फायद्याच्या जागी आणि कर वाढवणाऱ्या जागीही, तिथे दत्तक मूल आपोआप येतं. वेगळा अर्ज नाही, वेगळी परवानगी नाही.

प्रश्न उरतो तो तारखेचा. हे मूल कायद्याने तुमचं कधी झालं?

‘कारा’च्या मार्गाने आलेलं मूल आधी तुमच्याकडे दत्तकपूर्व संगोपनासाठी येतं. ते तुमच्या घरात झोपतं, तुम्हाला आई-बाबा म्हणू लागतं, पण कायद्याच्या दृष्टीने दत्तकाचा आदेश अजून व्हायचा असतो. बाल न्याय कायदा २०१५ सांगतो की आदेश लागू होतो त्या तारखेपासून मूल तुमचं आणि जन्मकुटुंबाशी असलेले त्याचे संबंध संपले. पूर्वी हा आदेश न्यायालय देत असे. २०२१ ची दुरुस्ती १ सप्टेंबर २०२२ पासून लागू झाली आणि हा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे गेला. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये अंतरिम आदेश देऊन न्यायालयांपुढची प्रकरणं तिथेच चालू ठेवायला सांगितलं. त्यामुळे एकाच सोसायटीतल्या दोन घरांत एकाकडे न्यायाधीशांच्या सहीचा आणि दुसऱ्याकडे जिल्हाधिकाऱ्यांच्या सहीचा आदेश सापडू शकतो. दोन्हींचं वजन सारखंच.

दुसरा मार्ग हिंदू दत्तक व निर्वाह कायदा १९५६ चा, बहुधा नात्यातल्या मुलासाठी वापरला जाणारा. इथे देणाऱ्या आईवडिलांनी मूल प्रत्यक्ष द्यायचं आणि घेणाऱ्यांनी घ्यायचं, हा विधी निर्णायक. दत्तहोम झालाच पाहिजे असं कायदा म्हणत नाही. मूल साधारणपणे १५ वर्षांच्या आतलं, अविवाहित असावं. दत्तकपत्राची नोंदणी सक्तीची नाही. पण दोन्ही बाजूंच्या सह्यांचं नोंदणीकृत दत्तकपत्र असेल, तर दत्तक कायदेशीर आहे असं न्यायालय गृहीत धरतं आणि उलट सिद्ध करण्याचा भार आक्षेप घेणाऱ्यावर पडतो. तळवडे हवेली तालुक्यात येतं, तिथल्या दुय्यम निबंधकाकडची ती एक चक्कर वाचवू नका.

‘ओळखीतून’ किंवा एखाद्या प्रसूतिगृहातून परस्पर आणलेल्या मुलाला यातलं काहीच लागू होत नाही. अनाथ, सोडून दिलेलं किंवा आईवडिलांनी संस्थेच्या स्वाधीन केलेलं मूल ठरलेली प्रक्रिया टाळून घेणं हा बाल न्याय कायद्याने ३ वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. असं मूल विवरणपत्रात दाखवणं तर सोडाच, ते घरात राहील याचीही खात्री नाही.

आणखी एक गोष्ट बऱ्याच घरांना उशिरा कळते. मुस्लिम, ख्रिस्ती आणि पारशी कुटुंबांना पूर्वी दत्तकाचा कायदा नव्हता, ते १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली पालकत्व घेत. पालकत्व म्हणजे दत्तक नव्हे. आयकरासाठी ते मूल तुमचं ‘मूल’ ठरत नाही, त्याच्या फीची वजावट मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये शबनम हाश्मी प्रकरणात स्पष्ट केलं की बाल न्याय कायद्याखाली कोणत्याही धर्माची व्यक्ती दत्तक घेऊ शकते. पिंपरी-चिंचवडमध्ये अशी अनेक कुटुंबं आहेत. त्यांनी आपल्या कपाटातला कागद पालकत्वाचा आहे की दत्तकाचा, हे एकदा नीट वाचून पाहावं.

नावाचं अक्षरन् अक्षर

आदेश हातात आला की सगळ्यात आधी त्यातलं नाव वाचा. मुलाचं नवीन नाव, जन्मतारीख, तुमची दोघांची नावं. पुढचा प्रत्येक कागद या आदेशावरून तयार होणार आहे. इथे एक वेलांटी चुकली तर ती जन्मदाखल्यात, आधारमध्ये, पॅनमध्ये आणि शाळेच्या दाखल्यात जाते. इंग्रजी स्पेलिंग तर तुमच्या स्वतःच्या पॅनवर आहे तेच असलं पाहिजे. दुरुस्ती आदेश देणाऱ्याकडूनच करून घ्या, आणि आठवड्याभरात. वर्षभराने तीच दुरुस्ती चार कार्यालयांत करावी लागते.

मग जन्मदाखला. नवा जन्मदाखला दत्तक आईवडिलांच्या नावाने निघतो. मूल ज्या विशेष दत्तक संस्थेतून आलं तीच त्यासाठी तिथल्या स्थानिक निबंधकाकडे अर्ज करते. देशभराची एकच यादी असल्यामुळे तळवड्यातल्या घरात लातूरहून किंवा ओडिशाहूनही मूल येऊ शकतं, आणि दाखलाही तिकडूनच येतो. पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात हेलपाटे घालून तो मिळत नाही. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याची २०२३ ची दुरुस्ती १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू आहे, आणि त्या तारखेनंतर जन्मलेल्यांसाठी जन्मतारखेचा नि जन्मस्थळाचा पुरावा म्हणून हाच दाखला धरला जातो. नात्यातल्या दत्तकात मूळ नोंद जन्मदात्यांच्या नावाने आधीच झालेली असते. ती बदलायला निबंधक नोंदणीकृत दत्तकपत्र मागतात.

नावाच्या रचनेत महाराष्ट्राचं एक वेगळेपण आहे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांचं नाव सरकारी कागदांत मुलाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव अशा चार भागांत लिहायचा राज्य सरकारचा निर्णय आहे. पॅनच्या अर्जात मात्र पहिलं, मधलं आणि शेवटचं नाव अशा तीनच चौकटी. मधल्या चौकटीत काय घालायचं हे आईवडिलांनी एकदा ठरवावं आणि बँक, विमा, म्युच्युअल फंड, शाळा, सगळीकडे तेच ठेवावं. अठराव्या वर्षी पॅन आणि आधार जुळत नाहीत म्हणून खातं अडकलेली मुलं या पट्ट्यातला कोणताही सीए तुम्हाला दाखवेल.

आधारच्या बाबतीत संस्थेला आधी एक प्रश्न विचारा, तिथे असताना मुलाचं आधार काढलं होतं का? मोठ्या मुलांचं बहुधा काढलेलं असतं. बोटांचे ठसे आधीच नोंदलेले असतील तर नवीन अर्ज फेटाळला जातो. जुन्याच आधारमध्ये नाव, पत्ता आणि पालक बदलून घ्यायचे. पाच वर्षांखालच्या मुलाचं आधार ठशांशिवाय, आई किंवा वडिलांच्या आधारला जोडून निघतं.

आणि पॅन? सगळ्याच मुलांना तो लगेच लागतो असं नाही. मुलाच्या नावाने बँकेत मुदत ठेव ठेवताना, त्याला करपात्र उत्पन्न नसेल तर आई किंवा वडिलांचा पॅन चालतो. पण मुलाच्या नावाने म्युच्युअल फंड घ्यायचा असेल, मुलाच्या नावाने भाडं किंवा व्याज येत असेल, तर पॅन काढून टाका. अल्पवयीनाच्या पॅनवर फोटो आणि सही नसते, अर्जावर पालक सही करतो. एकल आईसाठी इथे एक जुना अडथळा दूर झालेला आहे. ५ डिसेंबर २०१८ पासून, आई एकल पालक असेल तर वडिलांचं नाव देण्याची सक्ती नाही, फक्त आईचं नाव चालतं. कोणी सुविधा केंद्रात ‘वडिलांचं नाव काहीतरी टाकाच’ म्हणालं तर टाकू नका. खोटं नाव एकदा चढलं की ते मुलाला आयुष्यभर बाळगावं लागतं.

आदेश कोणाला दाखवायचा

या प्रकरणात मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट इथे सांगतो. नवा जन्मदाखला हातात आला की दत्तकाचा आदेश दहा ठिकाणी झेरॉक्स करून देण्याचं काहीच कारण उरत नाही. जन्मदाखल्यावर मूल तुमचं आहे एवढंच लिहिलेलं असतं, ते कसं आलं हे लिहिलेलं नसतं. हे मुद्दाम तसं केलेलं आहे. दत्तकाच्या नोंदी गोपनीय ठेवायच्या असं नियमच सांगतात.

कंपनीतलं गुंतवणुकीचं डिक्लरेशन, शाळेच्या फीची पावती, आरोग्य विम्यात नाव घालणं, पॅन, आधार, रेशन कार्ड, बँक खातं: या सगळ्याला जन्मदाखला पुरतो. एचआरमधल्या माणसाने आदेश मागितला तर शांतपणे विचारा, जन्म दिलेल्या मुलासाठी तुम्ही कोणता कागद घेता? तोच आम्ही देतो. काही ठिकाणी आदेश द्यावाच लागतो, उदाहरणार्थ दत्तकाची रजा मागताना. तिथे तो द्या, पण कोणाकडे ठेवला जाणार आहे हे विचारून. मुलाला आपली गोष्ट कधी, कशी आणि कोणाला सांगायची हा त्याचा हक्क आहे. कंपनीच्या फायलीतून शेजाऱ्याला ती कळणं हा त्या हक्काचा भंग आहे, आणि पुढच्या दाराचा माणूस त्याच कंपनीत कामाला असणं या पट्ट्यात अगदी नेहमीचं आहे.

आदेशाच्या प्रमाणित प्रती मात्र एकापेक्षा जास्त काढून ठेवा. एक बँकेच्या लॉकरमध्ये, एक घरात, शिवाय स्कॅन करून.

सवलती, जितक्या आहेत तितक्या

अमेरिकेत दत्तकाच्या खर्चावर थेट करसवलत मिळते, २०२५ साठी एका मुलामागे कमाल १७,२८० डॉलर. दत्तक पूर्ण होईपर्यंत मुलासाठी तात्पुरता करक्रमांकसुद्धा दिला जातो. तिकडे स्थायिक झालेल्या मराठी नातेवाइकांकडून हे ऐकून इथले पालक विचारतात, आपल्याकडे काय? आपल्याकडे दत्तकाच्या खर्चावर, म्हणजे गृह-अभ्यास शुल्क, संस्थेला दिलेला निधी, प्रवास यांवर आयकराची कोणतीही वजावट नाही. संस्थेला दिलेलं ठरलेलं शुल्क हे देणगी नव्हे, ते देणगीच्या (पूर्वीच्या ८० जी) वजावटीत दाखवू नका. पावती मात्र जपा. नियमाने ठरलेल्या रकमेपलीकडे कोणी पैसे मागितले तर ती पावती तुमच्या बाजूचा पुरावा असते.

बाकीच्या सवलती कोणत्याही आईवडिलांना आहेत त्याच. त्या बहुतेक जुन्या करप्रणालीतच मिळतात, आणि २०२३-२४ पासून नवी प्रणाली ही आपोआप लागू होणारी आहे. २०२५-२६ पासून नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर लागत नाही, पगारदाराला प्रमाणित वजावट धरून १२ लाख ७५ हजारांपर्यंत. त्यामुळे अनेक घरांत वजावटींचा हिशेब करण्याचीच गरज उरलेली नाही. ज्यांना जुनी प्रणाली परवडते त्यांनी पाहावं: दोन मुलांपर्यंतची शिकवणी फी, दीड लाखाच्या एकूण मर्यादेत. त्यात बालवाडी आणि प्ले स्कूलही येतं, विकास निधी आणि देणगी येत नाही. आई आणि वडील दोघंही करदाते असतील तर दोघांना प्रत्येकी दोन मुलांची मुभा आहे. मुलगी दहा वर्षांच्या आतली असेल तर सुकन्या समृद्धी खातं उघडता येतं. अकराव्या वर्षी घरी आलेल्या मुलीला ते मिळत नाही, तिच्यासाठी पीपीएफचा मार्ग. पण तुमच्या आणि तिच्या खात्याची मर्यादा मिळून दीड लाखच.

प्रणाली निवडताना आयटी पार्कवाला आणि शेडवाला यांच्यात फरक आहे. ज्याला धंद्याचं उत्पन्न नाही तो दरवर्षी जुनी-नवी बदलू शकतो. धंदेवाला जुनीकडे गेला आणि परत नवीत आला, तर सहसा पुन्हा जुनीत जाता येत नाही. एका वर्षाच्या फीसाठी हा दरवाजा वापरून टाकू नका.

‘कारा’कडे विशेष गरजा असलेल्या मुलांचा वेगळा वर्ग आहे, आणि ज्या जोडप्याला आधीच दोन किंवा अधिक मुलं आहेत त्यांना २०२२ च्या नियमांनुसार सर्वसाधारणपणे याच किंवा सहज पालक न मिळणाऱ्या मुलांच्या वर्गातून मूल मिळतं. अशा मुलाला ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व असेल तर पूर्वीच्या ८० डीडी खाली ७५ हजार, ८० टक्के किंवा अधिक असेल तर सव्वा लाख रुपयांची वजावट जुन्या प्रणालीत मिळते, प्रत्यक्ष खर्च किती झाला हे न विचारता. बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलाच्या पालकांना महाराष्ट्राच्या व्यवसाय करातूनही सूट आहे. ही सूट पगारातून कापली जाणारी छोटी रक्कम वाचवते म्हणून कोणी विचारत नाही. प्रमाणपत्र एचआरकडे दिलं की काम होतं.

धाकट्या भावाचं शेड

आता जरा कठीण प्रकार, आणि या भागात वारंवार येणारा. तळवडे १९९७ साली महापालिकेत आलं. गावकऱ्यांच्या शेतावर शेड उभी राहिली, भाडी येऊ लागली. समजा धाकटा भाऊ आणि त्याची बायको अपघातात गेले, मागे सहा वर्षांचा मुलगा. बापाचं शेड वारसाने मुलाच्या नावावर लागलं, महिना ३० हजार भाडं येतं. मुलाला थोरल्या काकाने सांभाळलं.

काका फक्त पालक असेल, तर हे भाडं मुलाचं स्वतःचं उत्पन्न. वर्षाचे ३,६०,०००, त्यातून ३० टक्के प्रमाणित वजावट जाऊन २,५२,०००. नव्या प्रणालीत ४ लाखांपर्यंत कर नाही, म्हणून मुलाला काही भरायचं नाही. आता दत्तक झालं, कायदेशीर मार्गाने. (आईवडील दोघंही गेले असतील तर १९५६ च्या कायद्यात पालकाला मूल दत्तक द्यायला न्यायालयाची परवानगी लागते. काकाला आधीच मुलगा असेल तर त्या कायद्याने दुसरा मुलगा घेताच येत नाही. तेव्हा बाल न्याय कायद्यातला नात्यातल्या दत्तकाचा मार्ग धरावा.) दत्तकाच्या तारखेपासून तो मुलगा काकाचं ‘मूल’ झाला, आणि अल्पवयीन मुलाचं उत्पन्न आई किंवा वडील यांपैकी ज्याचं उत्पन्न जास्त त्याच्या उत्पन्नात मिळवायचा नियम लागू झाला. काकाचं उत्पन्न १७ लाख असेल तर वरचे २,५२,००० वीस टक्क्यांच्या टप्प्यात जातात. कर ५०,४००, त्यावर ४ टक्के उपकर, एकूण ५२,४१६ रुपये. दर मुलामागे १५०० रुपयांची सूट आहे, पण तीही जुन्याच प्रणालीत.

म्हणजे दत्तक घेतल्याने घराचा कर वाढला. हे आधीच माहीत असावं, म्हणजे दोन वर्षांनी नोटीस आली की ‘आम्ही चांगलं काम केलं आणि खातं आमच्याच मागे लागलं’ असं वाटत नाही. यासाठी दत्तक टाळावं का? माझ्या मते मुळीच नाही. पालकत्व अठराव्या वर्षी संपतं. दत्तकाचं नातं संपत नाही, १९५६ च्या कायद्याने झालेलं वैध दत्तक तर रद्दही करता येत नाही.

पण शेड कोणाचं? मुलाचंच. दत्तकाआधी मुलाच्या नावावर लागलेली मालमत्ता दत्तकानंतरही त्याचीच राहते, असं १९५६ च्या कायद्याचं कलम १२ सांगतं. कर काका भरतो म्हणून मालकी काकाची होत नाही. भाडं मुलाच्या खात्यात वेगळं जमा करा, त्याच्यावरचा कर त्यातूनच भरा, आणि हिशेब लिहून ठेवा. अल्पवयीन हिंदू मुलाची स्थावर मालमत्ता विकायची किंवा गहाण टाकायची तर न्यायालयाची परवानगी लागते. भाडं महिना ५० हजारांच्या वर गेलं आणि भाडेकरू कंपनीने १० टक्के कर कापला, तर तो मुलाच्या पॅनवर दिसेल आणि उत्पन्न तुमच्या विवरणपत्रात. तो कर तुमच्या नावे वळवून घ्यायला कापणाऱ्याला तसं लेखी कळवावं लागतं. मुलगा ज्या दिवशी १८ वर्षांचा होईल त्या दिवसापासून पुढचं उत्पन्न त्याचं, विवरणपत्र त्याचं.

मुलाने स्वतःच्या अंगमेहनतीने किंवा कलेने, कौशल्याने कमावलेलं उत्पन्न आईवडिलांच्या उत्पन्नात मिळवायचं नसतं, आणि ज्या मुलाला पूर्वीच्या ८० यू मध्ये मोडणारं अपंगत्व आहे त्याचं कोणतंच उत्पन्न मिळवायचं नसतं. आजी-आजोबांनी नातवाच्या नावावर ठेवलेल्या ठेवीवर, ती भेट म्हणून, कर नाही. तिच्या व्याजावर आहे.

नॉमिनी बदलला का?

विवरणपत्रापेक्षा मला जास्त काळजी वाटते ती भविष्य निर्वाह निधीच्या कागदाची. चाकण-तळवड्याच्या कारखान्यांत कामाला लागताना, विशी-बाविशीत, कोणीतरी फॉर्म पुढे सरकवतं आणि आपण आई, वडील किंवा भाऊ असं नाव लिहितो. मग ते कोणी पाहत नाही. एकल आईने मूल दत्तक घेतलं असेल तर तिने इथे विशेष लक्ष द्यावं. कुटुंब नसताना भावाच्या नावे केलेलं नामनिर्देशन, पुढे कुटुंब झालं की पीएफच्या नियमाने आपोआप बाद होतं. ग्रॅच्युइटीचा नियमही तसाच, आणि त्यात कायदेशीर दत्तक मूल कुटुंबात धरलेलं आहे. नवीन नामनिर्देशन केलं नाही तर हातात भावाचं नाव लिहिलेला निरुपयोगी कागद उरतो, आणि मुलाच्या वतीने कोणीतरी कार्यालयांचे उंबरे झिजवत बसतं.

कर्मचारी पेन्शन योजनेत, सभासदाने हयातीत कायदेशीर दत्तक घेतलेली मुलं ‘मुलगा-मुलगी’ या शब्दांत येतात आणि मुलांची पेन्शन वयाच्या २५ वर्षांपर्यंत मिळते. पीएफला जोडलेल्या विम्याची कमाल रक्कम ७ लाख आहे. महिना २१ हजारांपर्यंत पगार असणाऱ्यांना लागू असलेल्या कर्मचारी राज्य विमा योजनेतही अवलंबून असलेलं दत्तक मूल कुटुंबाचा भाग आहे, पण नाव चढवल्याशिवाय दवाखान्यात उपचार होत नाहीत. पीएफचं नामनिर्देशन आता घरबसल्या संकेतस्थळावर होतं. त्यासाठी मुलाचं आधार आणि फोटो लागतो, म्हणून आधार आधी. कंपनीच्या गट आरोग्य विम्यात नवीन सदस्य घालायला बहुधा ठरावीक दिवसांचीच मुदत असते. आदेश आला त्याच आठवड्यात एचआरला मेल करा.

आणि मृत्युपत्र. दत्तक मुलाला वारसा कायद्याने मिळतोच, तरी लेखी ठेवण्याची गरज पुण्याच्या इतिहासाने आपल्याला दाखवली आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी काशीबाई या विधवेच्या मुलाला, यशवंतला, आपला मुलगा मानलं. नातेवाइकांचा विरोध होईल हे जोतीरावांना ठाऊक होतं. १८८७ साली त्यांनी मृत्युपत्र करून यशवंतला वारस नेमलं. २८ नोव्हेंबर १८९० ला ते गेले तेव्हा अंत्ययात्रेत टिटवं कोणी धरायचं यावरून भाऊबंदांनी यशवंतच्या हक्काला आक्षेप घेतलाच, आणि सावित्रीबाईंनी स्वतः टिटवं हातात घेतलं. हाच यशवंत पुढे डॉक्टर झाला. नात्यातल्या माणसांचं मन कागदाने बदलत नाही, पण कागद असला की त्यांना मुलाचा हक्क हिरावून घेता येत नाही.

आजच्या मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही, दोन साक्षीदार पुरेत. त्यात मुलाचा उल्लेख ‘माझा मुलगा’ किंवा ‘माझी मुलगी’ असाच करा, नाव जन्मदाखल्यावर आहे तसं लिहा, आणि तुम्ही दोघंही नसाल तर मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत त्याला कोण सांभाळेल, त्याचं नाव त्या व्यक्तीला विचारून घाला. ज्या घरात दत्तकाचा आदेश होऊन वर्ष उलटलं आहे आणि पीएफवर अजून जुनंच नाव आहे, त्यांनी हे प्रकरण बाजूला ठेवून आधी ते नाव बदलावं.